आजार तापाचा, मग हृदय का थकते?

(वार्षिक सभेत केलेले भाषण)



पावसाळ्यात अतिदक्षता विभागाच्या दारात आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, आजार तापाचा होता ना, मग हृदय कसे बिघडले?" आज त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

वैतरणेच्या काठची खाचरे भरून चिखलणी-लावणी सुरू झाली, की उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळलेले लेप्टोस्पायरा जंतू पायांच्या भेगांतून शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याच आजाराची मोठी साथ आली होती. बहुतेक रुग्ण प्रतिजैविकांनी बरे होतात. काहींना मात्र सेप्सिस होतो, मग तो लेप्टोचा असो वा न्यूमोनियाचा. येथे घात केवळ जंतू करीत नाहीत. शरीराची संरक्षणयंत्रणाच मर्यादा ओलांडते.

पांढऱ्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन अशी रसायने सोडतात. संसर्ग एका जागी असेपर्यंत ती तारक असतात. सर्व रक्तात पसरली, की रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड वाढते, कॅल्शियमच्या इशाऱ्याला स्नायू पुरेसा प्रतिसाद देत नाही, ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका मंदावतात. झटक्याप्रमाणे येथे रक्तवाहिनी तुंबलेली नसते, स्नायूही फारसा मेलेला नसतो. तो जणू निपचित पडतो.

१९८४ साली अमेरिकेत मार्गारेट पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की जे रुग्ण वाचतात त्यांच्या हृदयाची शक्ती सात ते दहा दिवसांत बहुधा परत येते. ही रसायनेच रोखावीत, असा विचार पुढे झाला. पण १९९० च्या दशकात टीएनएफविरोधी प्रतिपिंडांच्या चाचण्यांना अपेक्षित यश आले नाही. जंतूंशी लढायलाही तीच रसायने लागतात ना!

तेव्हा उपचार जुनेच, पण घड्याळाशी बांधलेले. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला पहिल्या तासाच्या आत प्रतिजैविक, सोबत सलाइन आणि गरजेप्रमाणे नॉरअॅड्रेनलिन. बोईसर-तारापूरकडून किंवा आडगावातून येणाऱ्या रुग्णाचा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून तापासोबत धाप, गुंगी किंवा लघवी कमी होणे दिसताच घरी थांबू नये.

"सलाइन जास्त दिले म्हणून दम लागला," अशी तक्रारही कानी येते. ती अगदीच निराधार नाही. झिरपणाऱ्या वाहिन्या आणि थकलेले हृदय यांना द्रव कमी पडला तरी धोका, अधिक झाला तरी धोका. किती द्यावे हे ठरविण्यासाठी हृदयाचे आकुंचन डोळ्यांनी पाहावे लागते. रुग्णाच्या खाटेपाशी नेता येणारे इको यंत्र आम्ही देणगीदारांकडे वारंवार का मागतो, त्याचे कारण हे आहे.

आणि घरी जाताना ज्यांच्या कागदावर "हृदय अशक्त" असे लिहिलेले असते, त्यांनी तो आयुष्यभराचा निकाल समजू नये. सांगितलेल्या दिवशी पुन्हा इको करून घ्यावा. तोवर औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.