जुना टेप घ्यायला जाताना

आपल्यापैकी कितीजणींच्या घरी ट्रंकेत जुन्या कॅसेटी पडून आहेत! कुणाच्या कॅसेटवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कुणाच्या हळदीची गाणी. माणूस गेलं, आवाज तेवढा राहिला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या घरातल्या मात्र आपणच जपायच्या. त्यासाठी चांगला टेपरेकॉर्डर हवा आणि तो आता जुनाच शोधावा लागतो.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहे. पण आधी तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे विचारा. लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेले टेप त्याच्याकडे असतात. बिघडला तर त्याच्याकडे परत जाताही येतं.

जाताना एक साधी कॅसेट सोबत न्या. आजीची नेऊ नका, खराब टेप कॅसेट खातो. दुकानदाराला टेप चालू करायला सांगा आणि निदान दहा मिनिटं ऐका. आवाज लांबतोय, डुगडुगतोय, तर बहुतेक आतला रबरी पट्टा सैल झालाय. तो बदलता येतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखरलं, तर धूळ असते, ती साफ होते. पण गाणं नसतानाही सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल, तर काम वाढतं. दर तसा पाडून मागा.

मग झाकण उघडून पाहा. कॅसेटची फीत ज्यावर घासते ते चकचकीत हेड खोल झिजलेलं नको. शेजारचं काळं रबरी चाक चिकट किंवा तडकलेलं असेल, तर फीत गुंडाळली जाते. पुढं-मागं पळवायची बटणंही दाबून बघा. सेलच्या खणात हिरवा-पांढरा गंज आहे का तेही बघा.

घरी आणल्यावर, आजीची कॅसेट घालण्याआधी तिच्या मागच्या कडेला असलेले दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ओव्या पुसल्या जाणार नाहीत. पंखा बंद करा, मोबाईल टेपजवळ ठेवा आणि आवाज भरून घ्या. वायर जोडून घेतला तर आणखी स्वच्छ येतो. भरलेला आवाज दोघी-तिघींच्या मोबाईलमध्ये ठेवा.

प्रत्येकीनं टेप घ्यायची गरज नाही. वर्गणी काढून गटात एक घ्या, आळीपाळीनं वापरा. किंमत आणि दुरुस्तीचा खर्च ठरावाच्या वहीत लिहा. पण उशीर नको. फितीलाही वय असतं. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या कॅसेटी मोजून या.