संमती एकदाची, कपात दरमहाची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पाहून, हे बँकेच्या कारकुनाचे प्रकरण आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. कर्जाचा हप्ता दरमहा आपल्या खात्यातून परस्पर वळता करून घ्यावा, अशी जी संमती कर्जदार लिहून देतो आणि जिला आता खेड्यापाड्यांतही ‘मँडेट’ म्हणतात, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. दुचाकी, शिलाई यंत्र, मोबाइल, मुलीचे शिक्षण, घराचे पत्रे, कारण कोणतेही असो, कर्जाच्या कागदांत हा एक कागद असतोच. आपण ज्या वस्त्यांत काम करतो तेथे तो घरोघरी पोचला आहे. आपल्या मागणीपत्रांत मात्र तो अद्याप आलेला नाही.

हा कागद एकदा नीट वाचून पाहावा. त्यात रकमेसाठी दोन पर्याय असतात: एक ‘निश्चित रक्कम’ आणि दुसरा ‘कमाल रक्कम’. हप्ता तीन हजारांचा असला तरी खूण बहुधा दुसऱ्या रकान्यात होते आणि तेथे हप्त्याच्या कितीतरी पट मोठा आकडा पडतो. कपात केव्हा करावी, या रकान्यात ‘दरमहा’ असते, तसाच ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ हाही पर्याय असतो. सही करणाऱ्याचे लक्ष यांपैकी कशाकडेच नसते. त्याला कर्ज हवे असते आणि दुकानातला प्रतिनिधी बोट ठेवील तेथे तो सही करतो. मोबाइलवरून कर्ज घेणाऱ्याला तर सहीचीही तसदी नाही. सांकेतिक क्रमांक टाकला की संमती झाली.

यात गैर काय, असे विचारणारे लोक केवळ सावकारांच्या बाजूचे असतात असे नव्हे. हप्ता परस्पर गेला की बँकेत खेटे पडत नाहीत, तारीख चुकत नाही, वसुलीची माणसे दाराशी येत नाहीत. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप सोयीला नाही. जी सोय नाकारण्याची मुभा नाही आणि एकदा दिल्यावर परत घेण्याचा सुगम मार्ग नाही, तिला संमती म्हणावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

कामगारांच्या वेतनाला या देशात संरक्षण कसे मिळाले ते आठवा. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मालकाला पगारातून कोणत्या कारणासाठी आणि किती कापता येईल याची सीमा आखली: सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक नाही, आणि सहकारी संस्थेचे देणे असल्यास पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक नाही. २०१९ च्या वेतन संहितेनेही पन्नास टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे. आणखी पुढे जाऊ. सावकाराने दावा जिंकला, हुकूमनामा मिळवला आणि पगारावर जप्ती आणली, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० त्याला सगळा पगार नेऊ देत नाही. पोटगीचा हुकूमनामा सोडला तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. म्हणजे १६,००० रुपये पगार असेल तर ११,००० कामगाराच्या घरी गेलेच पाहिजेत.

आता हाच पगार खात्यात जमा झाला असे समजा. न्यायाधीशाला जे ११,००० रुपये हिरावता येत नव्हते, तेही मँडेटच्या वाटेने जाऊ शकतात. तीन कर्जे असतील, तिन्हींच्या तारखा पगाराच्या पाठोपाठ लावलेल्या असतील, तर किराणा आणि घरभाडे यांसाठी काय उरते हे विचारणारा कोणताही नियम त्या यंत्रणेत नाही. कारखान्याच्या दारापर्यंत वेतनाला कायद्याचे कवच आहे. बँकेच्या दारात ते गळून पडते. १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नॅच’ ही वळतेपणाची यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालू झाली. त्याच यंत्रणेतून पगारही रविवारी जमा होऊ शकतो हे खरे. पण पगार लांबवणारा मालक लांबवतोच, हप्त्याला मात्र सुट्टी उरली नाही.

खात्यात रक्कम नसेल तर हप्ता परत जातो. मग आपली बँक आकार लावते आणि कर्ज देणारी कंपनीही लावते. तीच मागणी पुन्हा सादर झाली आणि पुन्हा परत गेली की पुन्हा आकार. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून कर्जावरील दंडाला व्याजाचे रूप देण्यास आणि तो मुद्दलात मिसळण्यास मनाई केली, हे चांगले झाले. महिन्यातून किती वेळा खाते ठोठवावे हा प्रश्न त्याने सुटला नाही.

आणि दंडावरच हे थांबत नाही. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने असे हस्तांतरण फसले, नोटीस आली आणि पंधरा दिवसांत पैसे भरले गेले नाहीत, तर तो गुन्हा ठरतो: दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न वटलेल्या धनादेशाची शिक्षा येथे तशीच उचलून ठेवली आहे. परंतु धनादेश लिहिणारा माणूस त्या दिवशी हातात लेखणी घेतो. आपल्या खात्यात काय आहे हे त्याला निदान ठाऊक असावे अशी अपेक्षा करता येते. मँडेटवर सही करणाऱ्याने तीन वर्षांनंतरच्या एखाद्या महिन्यात आपली नोकरी राहील की नाही, हे सहीच्या दिवशी कसे जाणावे?

महाराष्ट्राच्या माणसाला तरी हे खुपले पाहिजे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचा जो उठाव पसरला, त्यात लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळवावेत आणि जाळावेत. न वाचता अंगठा उठवलेला कागद काय करतो हे त्या शेतकऱ्यांना पुस्तकावाचून कळले होते. परकीय सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी तरतूद त्यात होती. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या संसदेने फसलेल्या हप्त्यासाठी तुरुंगाचे दार उघडले.

दुसरी वाट नव्हती असे मात्र नाही, आणि ती भांडवलशाहीच्या माहेरघरीच काढली गेली. अमेरिकेने १९७८ साली इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरणाचा कायदा केला. नियमित कपातीची संमती लेखीच हवी आणि तिची प्रत ग्राहकाला दिलीच पाहिजे, असे त्यात आहे. कपातीच्या तीन कामकाजी दिवस आधीपर्यंत ग्राहकाने आपल्या बँकेला तोंडी सांगितले तरी बँकेने ती थांबवली पाहिजे. लेखी दुजोरा नंतर चौदा दिवसांत मागता येतो. सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच आहे. आपोआप कपात मान्य केली तरच कर्ज देऊ, असे कर्जदाराला म्हणताच येत नाही. मान्य करणाऱ्याला व्याजात सवलत द्यायची तर खुशाल द्यावी. पुढे २०१७ साली तेथील ग्राहक संरक्षण विभागाने अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांसाठी नियम केला की, लागोपाठ दोन प्रयत्न फसले तर नव्या संमतीवाचून तिसऱ्यांदा खात्याला हात लावू नये. सावकार कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे कल्पना अपरिचित आहे असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरून नियमित होणाऱ्या कपातीसाठी चोवीस तास आधी सूचना देणे आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा ठेवणे बंधनकारक केले. जानेवारी २०२० मध्ये यूपीआयचे व्यवहारही त्याखाली आले. कर्जाचे हप्ते प्रामुख्याने ज्या ‘नॅच’मधून जातात, ती वाट त्या परिपत्रकाबाहेर राहिली. घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या वर्गणीला जे संरक्षण मिळाले, ते पोटाला चिमटा घेऊन फेडायच्या कर्जाला मिळाले नाही.

शेतकऱ्याचा अनुभव याच जातीचा. २०२० च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना कर्जदार शेतकऱ्याला ऐच्छिक झाली खरी. पण विमा नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी तसे लिहून द्यायचे ते शेतकऱ्याने. लिहून दिले नाही की हप्ता वळता. मौनाला होकार मानणारी ही रीत!

आपल्या मागण्या यातूनच निघतात. मँडेट ही कर्जाची अट असू नये. त्यात कमाल नव्हे, निश्चित रकमेचाच रकाना असावा. खातेदाराने सांगताच त्याच्या बँकेने कपात थांबवावी; कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणा, हे उत्तर बंद व्हावे. दोन प्रयत्नांनंतर नवी संमती लागावी. दिवाणी संहितेने वेतनाचा जो भाग जप्तीपासून राखला आहे, तो खात्यातही राखला जावा. आणि कलम २५ मधील कारावास रद्द व्हावा. शेवटच्या दोहोंसाठी संसदेत जावे लागेल. बाकीचे रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाने होऊ शकते.

तोवर शाखांनी एक काम हाती घ्यावे. वस्तीतल्या कर्जदारांना त्यांच्या मँडेटची प्रत मागायला लावावी आणि ती त्यांच्यासमवेत वाचावी. कोरा नमुना मी बरोबर आणला आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी आपण तो रकान्यारकान्याने भरून पाहू.