पुरण पुरले पाहिजे



व्याख्यानाचा विषय कळवताना आम्ही पत्रात 'पुरण' असे लिहिले होते. ते कोणीतरी 'पुराण' असे वाचले आणि फलकावरही तसेच लागले. एका कान्याने केवढा घोटाळा होतो पाहा! समोरच्या काही वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसते आहे ती त्या कान्यामुळेच. त्यांची क्षमा मागून सांगतो, की आम्ही पुरणावरच बोलणार आहोत आणि हा विषय हलका आहे असे आम्हांला वाटत नाही.

आखाजी तोंडावर आली आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो; आपल्या खानदेशात ती आखाजी. सासुरवाशीण माहेरी येते, झाडाला झोका बांधला जातो, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, निखाऱ्यांवर तुपासह घास टाकून आगारी दिली जाते आणि दुपारी पानात आमरसाशेजारी पुरणाचे मांडे पडतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात प्रत्येक घरी पुरण शिजते असे मात्र कोणी समजू नये. वरती सातपुड्यात मोठा सण होळीचा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला डोंगर लोटतो, पण तिथला प्रसाद दाळ्या-गुळाचा. आम्ही आज बोलतो आहोत ते तापीकाठच्या सपाटीवरल्या स्वयंपाकघरांविषयी.

पुरण हा शब्द संस्कृत 'पूरण' यावरून आला. अर्थ एवढाच, की भरण्याचा पदार्थ. सणाच्या दिवशी कशात तरी काहीतरी भरावे ही हौस जगभर आहे. अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी मोठा पक्षी पावाचे सारण भरून भाजतात आणि उरलेल्या सारणाचे काय करावे याची चर्चा दुसऱ्या दिवशी घरोघर चालते. आपल्याकडे ती चर्चा लागत नाही, कारण आपल्या पुरणाची वाटणी चुलीवर असतानाच झालेली असते. ती कशी, ते पाहू.

अर्धा किलो हरभऱ्याची डाळ घ्यावी. भरपूर पाण्यात थोडे तेल आणि चिमूटभर हळद घालून ती बोटाने चेपेल इतकी मऊ शिजवावी. मग चाळणीवर निथळावी. खाली उतरेल तो कट. डाळीत तितकाच गूळ घालून पुन्हा आचेवर ठेवावे आणि उलथणे मधोमध उभे राहीपर्यंत ढवळावे. वेलदोडा, जायफळ घालून गरम असतानाच पाट्यावर वाटावे किंवा पुरणयंत्रातून काढावे. गार झाले की ते वाटणाऱ्याचा घाम काढते. यातले एक कलम विसरू नये: डाळ पुरती शिजल्याशिवाय गूळ पडता कामा नये. गूळ पडला की कच्ची डाळ कच्चीच राहते. मग कितीही शिजवा.

आता हिशेब पाहा. डाळ एक, पण पदार्थ दोन झाले. पुरण गोडाला गेले आणि कट रशीला. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला वाटून कटाला फोडणी दिली की झणझणीत रशी होते, आणि मिरचीच्या या गावात ती कशी होते हे आम्ही सांगायला नको. इतरत्र हिलाच कटाची आमटी म्हणतात. तिकडे चिंच-गूळ पडतो. गोडाने जीभ जड झाली की रशीने ती हलकी होते, आणि डाळीच्या पाण्याचा थेंबही मोरीत जात नाही.

मांडा हे मात्र निराळे शास्त्र आहे. गहू धुऊन, वाळवून, दळून पीठ वस्त्रगाळ करायचे. कणीक पाण्याच्या हाताने आपटून आपटून अशी करायची, की ती दोरीसारखी ताणली जावी. दोन पुऱ्यांच्या मध्ये पुरण ठेवून कडा दाबायच्या आणि तो गोल दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा. खाली चुलीवर मातीचे खापर पालथे तापलेले असते. हातभर रुंद मांडा त्यावर अलगद पसरायचा आणि भाजला की लगेच घडी घालायची, कारण गार झालेला मांडा मोडतो. हे काम फार जुने आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनात मंडकाचे वर्णन आले आहे, आणि त्यातही मंडक तापल्या खापरावरच भाजला जातो. राजे गेले, राज्ये गेली, खापर राहिले!

खापराची आणखी एक कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. भावाला मांडे खावेसे वाटले आणि चिमुकली मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. विसोबाच्या धाकाने कुंभारांनी ते दिले नाही. पोर रडत परत आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. कीर्तनकार या कथेतून योगाचा महिमा सांगतात. आम्ही तिकडे पुन्हा येऊ.

पुरणाला डाळ कोणती, यावर मतभेद आहेत. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. स्टेशन ओलांडून पलीकडे गेलात की पुरणपोळी बहुधा तुरीच्या डाळीची. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा तिचा अपमान आम्ही करणार नाही. तुरीचे पुरण मऊ होते, पण तूर शिजताना पाण्यात विरते. हरभऱ्याची डाळ शिजूनही आपला आकार राखते, म्हणून तिचा कट चांगला निथळता येतो. ज्याला रशी हवी, त्याने हरभरा सोडू नये.

एकदा पुरण झाले, की ते वर्षभर नाना वेषांत भेटते. नागपंचमीला चिरणे, तळणे, तव्यावर भाजणे नाही, म्हणून कणकेच्या पारीत भरून उकडले की दिंड. तेच करंजीसारखे मुडपून तळले की कडबू. श्रावणातल्या शुक्रवारी त्याचे दिवे करून आई मुलांना ओवाळते. पोळ्याला बैलाच्या तोंडी पुरणाची पोळी जाते. गोव्याकडे डाळ, गूळ, खोबरे यांचे गोळे पिठात बुडवून तळतात, ते सुकरुंडे. आंध्रात त्याच घराण्यातले बूरेलू. आणि काहीच सुचले नाही तर उरलेले पुरण दुधात कालवून उकळावे. उत्तम खीर होते. फक्त वैशाखात जपावे. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्या उष्म्यात पुरण संध्याकाळपर्यंतही आंबते. शीतकपाटात ठेवले तर दोन-तीन दिवस टिकते. कटही झाकून विसरू नये.

येथपर्यंत पाककृती झाली. आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो.

आम्ही बारा-तेरा वर्षांचे असू. आखाजीची दुपार. पहिली पंगत पुरुषांची आणि पोरांची, दुसरी पाहुण्यांची. आम्ही दोन्हींत बसलो होतो. तरीही आणखी एक मांडा पदरात पडतो का म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो. माय, मोठी माय, आत्या आणि त्याच सकाळी सासरहून आलेली आक्का अशा चौघी चुलीपाशी जेवत होत्या. त्यांच्या ताटांत मांडे होते, पण चपटे. उरलेली कणीक नुसतीच भाजून त्या ती रशीत बुडवून खात होत्या. आम्ही विचारले, "यात पुरण कुठे?" आक्का हसून म्हणाली, "भाऊ, पुरन सरी गयं." आम्हीही हसलो आणि आंब्याच्या कोया चोखायला अंगणात गेलो.

पुढे किती तरी आखाज्या गेल्या. माय वारली. तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती. घरात पत्नीला ताप, आक्का दुपारपर्यंत पोचणार नव्हती. आम्ही म्हटले, पुरण ते काय, आपणच शिजवू. वर जे कलम विसरू नये म्हटले, ते आम्ही त्या दिवशी विसरलो. डाळीच्या आधी गूळ घातला, कटही नीट निथळला नाही. पातेल्यात पातळ रस आणि त्यात टणक दाणे! असले पुरण मांड्यात भरले तर मांडा हातावरच फाटतो. आक्का आली. तिने एका शब्दाने हिणवले नाही. दाणे गाळून थोड्या पाण्यात यंत्रावर बारीक केले, पुन्हा परतून घट्ट केले आणि त्याची दिंडे उकडली. उरलेल्या रसाची दुधात खीर केली. मांडे झाले नाहीत, पण काही टाकावेही लागले नाही.

आगारीची वेळ झाली. पहिला घास निखाऱ्यावर टाकताना आम्हांला ते चपटे मांडे आठवले. आम्ही विचारले, "आक्का, माय पुरणाचा मांडा कधी खायची गं?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रात्री पातेले खरवडायची."

मंडळी, पुरणातून दोन पदार्थ काढणारी, थेंब वाया जाऊ न देणारी, सगळ्या गावाला पुरवणारी ती बाई. आणि तिच्या वाट्याला पातेल्याची खरवड! घरात डाळ कमी होती असेही नव्हते. मोजताना माणसे मोजली, त्यात करणाऱ्या चौघी मोजल्याच नव्हत्या. आखाजी हा म्हणे माहेरवाशिणीच्या विसाव्याचा सण. आक्का त्या दिवशी आल्यापासून पाट्यावर बसली होती.

आज काळ बदलला आहे. कुकर आहे, यंत्र आहे. शहरात तयार मांडे विकत मिळतात. ते करणाऱ्या बायकांच्या हाताला त्याचे दाम मिळतात, आणि आम्हांला ते महाग वाटत नाहीत. विकत आणण्यात कमीपणा नाही. पण घरी करणार असाल, तर आमच्या तीन सूचना ऐका. डाळ मोजताना करणाऱ्यांचे माप आधी टाका. पहिल्या पंगतीला त्यांना बसवा. वाढणे काही कठीण नसते. आणि पुरण वाटण्याचे काम पुरुषांनी अंगावर घ्यावे.

मुक्ताईच्या कथेकडे पुन्हा येतो म्हटले होते. आम्हांला त्या कथेत योगापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. बहीण रिकाम्या हाताने, रडत परत आली, तेव्हा भाऊ नुसता जेवायला बसून राहिला नाही. त्याने पाठ पुढे केली. आपल्याला पाठ तापवायची गरज नाही. हात पाट्याला लागला तरी पुष्कळ झाले.