वकिलीची परीक्षा आणि घरातले तास

(शिरूर व दौंड तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मला विषय दिलाय, कायद्याची प्रवेश परीक्षा आणि मनावरचा ताण. मघाशी चहा घेताना एक ताई म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे हो, पण टेन्शन फार घेते. मनानं कच्ची आहे.” तिथूनच सुरुवात करते. पोरगी मनानं कच्ची आहे हे आपण ठरवून टाकतो. तिच्या दिवसाचे तास कधी कुणी मोजलेत का?

पाचला उठायचं, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, धाकट्याचं आवरायचं आणि एस.टी. गाठायची. संध्याकाळी गोठा, स्वयंपाक, भांडी. रात्री साडेनऊला पुस्तक उघडलं की त्याच खोलीत टी.व्ही. चालू. वर रोज एकदा तरी ऐकायचं, “यंदा नाही झालं तर स्थळं बघायला घेऊ.” दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचा तळ आहे, त्यामुळे भरती म्हणजे काय हे या भागात घराघरांत कळतं. भाऊ पहाटे ग्राउंडला पळायला जातो, तर त्याच्यासाठी अंडी, दूध वेगळं ठेवलं जातं, दुपारी तो झोपला की सगळे दबक्या पावलांनी चालतात. त्याची ती तयारी असते. बहिणीचं मात्र ‘टेन्शन’ असतं! ताण मनात जाणवतो हे खरं, पण तो येतो घरातल्या कामाच्या वाटणीतून. ती वाटणी तशीच ठेवून मुलीला नुसतं ‘मन शांत ठेव’ सांगणं ही फसवणूक आहे.

मुलींनी कायद्याकडेच का जावं, असंही विचारतात. रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी नाकारलं, नवऱ्यानं १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, म्हणाल्या त्या. पुढे तडजोड झाली, रखमाबाई डॉक्टर झाल्या. पण त्या कोर्टात न्यायाधीश पुरुष, वकील पुरुष, आणि बाई फक्त प्रतिवादी. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याबद्दल लिहिलं. त्याच रमाबाईंनी पुढे तुमच्याच दौंड तालुक्यात, केडगावला, मुक्ती सदन उभं केलं आणि दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना आसरा दिला. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, तरी बाई म्हणून वकिलीचा दरवाजा बंद. बायकांना वकिली करू देणारा कायदा १९२३ साली झाला. म्हणजे जेमतेम शंभर वर्षं. आजही पोटगीसाठी, मारहाणीच्या तक्रारीसाठी तालुक्याच्या कोर्टात येणारी बाई आधी बाई वकील आहे का ते शोधते. आपल्याला ती हवी असेल तर आपल्याच वस्तीतून तयार करावी लागेल.

आता परीक्षेबद्दल. निम्मी भीती माहिती नसल्याची असते. राज्याची सीईटी दोन प्रकारची आहे. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची आणि पदवीनंतर तीन वर्षांच्या. बारावीला किंवा पदवीला खुल्या गटात ४५ टक्के हवेत, मागासवर्गीयांना सवलत आहे. वयाची अट नाही. हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगते, कारण पदवी घेऊन दहा वर्षं चूल सांभाळणाऱ्या बायकाही इथे बसल्यात. प्रश्नपत्रिका मराठीतही असते, इंग्रजीचा भाग तेवढा इंग्रजीत. बाकी कायदाविषयक कल, सामान्यज्ञान, तर्क. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ वेगळी. ती फक्त इंग्रजीत, आणि तिथे चुकलं तर गुण जातात. दोन्ही द्यायला हरकत नाही, पण पुण्याच्या महागड्या क्लासातल्या मुलीशी तुलना करून क्लॅटच्या धसक्यानं सीईटी सोडू नका.

परीक्षा संगणकावर असते. ज्या मुलीनं माउस नीट धरलेला नाही तिचे हात तिथेच कापतात. कॉलेजच्या किंवा एम.एस.सी.आय.टी.च्या केंद्रात आठवड्यातून दोन तास मागून घ्या. एकट्या मुलीला नाही म्हणतील, गटानं गेलात तर देतील. आणि सुट्टीच्या दिवसांत शिरूर किंवा दौंडच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कामकाज एरवी सर्वांना खुलं असतं. ‘वादी’, ‘जामीन’, ‘मनाई हुकूम’ हे शब्द पुस्तकापेक्षा तिथे लवकर डोक्यात बसतात.

कागदपत्रांचा ताण कुणी धरतच नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेअर, जातीची पडताळणी. ऐन प्रवेशाच्या वेळी धावलात तर मुलगी अभ्यास करणार की सेतू केंद्राबाहेर उभी राहणार? हिवाळ्यातच कामाला लागा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण शुल्कमाफी २०२४ साली जाहीर झाली. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा लागतो. घरात ‘फी कुठून आणायची’ हे वाक्य निघेल तेव्हा हा कागद पुढे ठेवायचा.

हे सगळं करूनही छातीत धडधड होईल. रात्री झोप लागणार नाही, वाचलेलं आठवणार नाही, पाळी पुढेमागे होईल. त्याला नाटकं म्हणू नका. झोप कापून अभ्यास करू देऊ नका, त्यानं वाचलेलं टिकत नाही. दोघीतिघींनी एकत्र बसावं, एकमेकींना प्रश्न विचारावेत. आणि एखादी ‘मला जगायचंच नाही’ म्हणाली तर ‘काहीतरी काय बोलतेस’ म्हणून उडवून लावू नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा सरकारी फोन, टेलिमानस, दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहता राहिली ती वाटणी. घरोघर जाऊन गटातल्या दोघींनी आईवडिलांशी बोलायचं. शेवटचे तीन महिने मुलीला दोन तास सलग, टी.व्ही. बंद. संध्याकाळची धार भावानं काढायची. ‘तो पुरुष आहे’ असं उत्तर आलं तर विचारा, डेअरीत दूध घालायला कोण जातं? लग्नाचा विषय निकाल लागेपर्यंत घरात काढायचा नाही, सासूबाईंनीही नाही. सगळी घरं ऐकणार नाहीत. तिथल्या मुलीसाठी गटातल्या कुणाच्या तरी घरची रिकामी खोली बघा. चावी तिच्या हातात द्या.

परीक्षेचं केंद्र बहुधा पुण्याकडे येईल. दौंडकरणींना रेल्वे आहे. शिरूरला रेल्वे नाही, आणि सकाळी वाघोलीला वाहनं कशी तुंबतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आदल्या दिवशी मुक्काम. पुण्यात कुणाची बहीण, नणंद, मैत्रीण राहते, त्यांची नावं आजच लिहून घेऊ. वही फिरवते आहे. सोबत कोण जाणार तेही त्यातच लिहा.