डबा कुणासाठी खोळंबलाय?

श्रोतेहो, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेऊन गाण्यांचा डबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलाय. मेमरी कार्डातली गाणी वाजवायची, एवढंच त्याचं काम. पण वीज जाऊन आली की डबा मिनिटभर मुका! मग मंडळी धावत जाऊन महागडं कार्ड आणतात. अहो, आधी मोजा की!

'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' अशी आज्ञा द्या. कुठल्या सर्व्हिसनं किती वेळ खाल्ला, त्याची यादी येते. आणि इथंच गफलत होते. यादीत जी वर दिसेल तिच्यावर आपण कुऱ्हाड चालवतो.

लग्नाला निघालेलं घर आठवा. घर राखायला थांबलेल्या आत्या तासभर लाडू भरतायत. त्यांच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. काका मात्र पाचच मिनिटं किल्ली शोधतायत, पण नवरदेव जीपमध्ये घामाघूम. दोष कुणाचा? 'ब्लेम' आत्यांकडे बोट दाखवेल. काका सापडतात ते त्याच आज्ञेत 'ब्लेम'च्या जागी लिहायच्या 'क्रिटिकल-चेन'मध्ये, कारण कोण कुणासाठी थांबलंय हे तीच सांगते. आणि काका किल्ली शोधतायत तरी कसली? कपाटाची! लग्नात तिचं कामच नाही.

आपल्या डब्यातले काका म्हणजे बहुतेकदा 'नेटवर्क-ऑनलाइन', म्हणजे नेटवर्क जोडलं जाईपर्यंतची वाट. गाणी कार्डात, मग वायफायसाठी ताटकळायचं कशाला? वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'आफ्टर'पुढं ते नाव असेल तर काढा. 'वॉन्ट्स'पुढं असेल तर तिथलंही. ब्लूटूथ वापरत नसाल तर तेही बंद करा. पण मोजून! एक बदल, एकदा रीबूट, पुन्हा मोजणी.

आणि किती वेळ द्यायचा हे आधीच ठरवलं तर? 2008 साली इंटेलच्या आर्यन व्हॅन डे व्हेन आणि आउके कोक यांनी आसुसचा छोटा ईईई पीसी 5 सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी वेळ आधीच वाटून टाकला होता: कर्नलला 1 सेकंद, सुरुवातीच्या कामांना 1, ग्राफिक्सला 1, डेस्कटॉपला 2. ज्यानं त्यानं आपल्या वाट्यात बसायचं. तुम्हीही डब्याला असा हिशेब घालून द्या.

कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं, तर वीज गेल्यावर ते बिघडायची धास्तीही... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. तेव्हा एवढंच, पुन्हा एकदा: कोण हळू आहे हे नंतर बघा, कोणासाठी सगळे थांबलेत ते आधी. आणि नवं कार्ड तूर्त दुकानातच राहू द्या.