संपाने पुढे आणलेले गायक



गायकाला कीर्ती कशाने मिळते असे विचारले, तर आपण म्हणाल, गळ्याने. ते खरेच आहे. पण त्या कीर्तीमागे करार असतात, संघटना असतात, आणि एखाद्या वेळी संपही असतो. अमेरिकेतील जाझ आणि लोकप्रिय गीतांच्या गायकांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत ती एवढ्यासाठीच.

१९३५ नंतरची दहा वर्षे त्या देशात मोठ्या वाद्यवृंदांची होती. पंधरा-सोळा वादक, त्यांच्यापुढे नायक, आणि फलकावर नाव नायकाचे : बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, काउंट बेसी. गायक बाजूच्या खुर्चीवर बसून राही. पाळी आली की उठावे, गावे आणि पुन्हा बसावे. तो पगारी माणूस. फ्रँक सिनात्रा १९४० साली डॉर्सीकडे लागला तो असाच. १९४२ साली त्याने ती नोकरी सोडली, तेव्हा पुढच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा डॉर्सीला देण्याचे त्याने कबूल केले होते. पुढच्या वर्षी मोठी रक्कम मोजून त्याची त्यातून सुटका झाली. गळा त्याचा, पण त्यावर मालकी दुसऱ्याची!

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९४२ रोजी, वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. संघटना अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, अध्यक्ष जेम्स पेट्रिलो. १९२७ नंतर बोलपट आले आणि चित्रपटगृहातील वादकांची भाकरी गेली. मग रेडिओ आणि हॉटेलातील नाणे टाकून वाजणारी पेटी यांनी उरलेल्यांना गाठले. वादकाने एकदा तबकडी भरावी आणि ती हजार ठिकाणी त्याच्याच जागी वाजावी, असा हा प्रकार. मागणी साधी होती : विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे थोडी रक्कम संघटनेच्या निधीत जमा करा, म्हणजे त्यातून बेकार वादकांना काम देता येईल.

कंपन्यांनी आधीचा साठा विकून काही महिने काढले. तो संपत आला तेव्हा त्यांना कुंपणातली फट दिसली. गायक या संघटनेत नव्हते! मग वाद्यांच्या जागी मागे समूहस्वर उभे केले आणि पुढे गायक. डिक हेम्सची तबकडी १९४३ साली अशीच निघाली आणि खपात पहिली आली. बिंग क्रॉस्बीने तेच केले. कोलंबिया कंपनीत सिनात्राचे पहिले मुद्रण झाले तेही बॉबी टकरच्या गायकवृंदासह, वाद्यांवाचून. त्याचे १९३९ साली हॅरी जेम्सच्या वृंदाबरोबर भरलेले एक गीत तेव्हा फारसे खपले नव्हते; तेच १९४३ साली पुन्हा बाजारात आणले, या वेळी सिनात्राचे नाव ठळक करून, आणि ते दहा लाखांवर खपले.

संप फसला काय? मुळीच नाही. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये करार केला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची विनंतीही पेट्रिलोने मानली नाही, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलंबिया व व्हिक्टर या बड्या कंपन्याही नमल्या. निधी सुरू झाला. पण दोन वर्षांत लोकांच्या कानाला नवी सवय लागली होती. ते आता वृंदाचे नव्हे, गायकाचे नाव पाहून तबकडी घेत. महायुद्धातली सैन्यभरती, पेट्रोलची टंचाई आणि १९४४ चा करमणूक कर यांनीही वृंदांना जेरीस आणले हे सांगितले पाहिजे. १९४६ च्या अखेरीस अनेक नामवंत नायकांनी आपापले वृंद मोडले. वादक लढले, जिंकले, आणि खुर्चीवरचा गायक उठून मध्यभागी आला.

मध्यभागी आलेल्या प्रत्येकाची चिंता मात्र मिटली नाही. बिली हॉलिडेचेच पाहा. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळते अशा ठिकाणी गाण्यासाठी पोलिसांचा परवाना लागे. १९४७ साली मादक पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली आणि परवाना गेला. १९४८ च्या मार्चमध्ये सुटून आल्यावर थोड्याच दिवसांत तिने कार्नेगी हॉल भरवला. पण जिथे रोजची भाकरी मिळे ते छोटे क्लब तिला बंदच राहिले. १९५९ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती वारली. परवान्याची पद्धत १९६७ साली रद्द झाली.

मुंबईत १९८२ साली गिरण्या बंद पडल्या तेव्हा कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. यंत्रमागावरचा कामगार काही गिरणी कामगाराचा वैरी नव्हता, तसा सिनात्राही वादकांचा वैरी नव्हता. मालकाने वापरलेली ती फट होती, आणि फट आपल्याच कुंपणाला होती. म्हणून संपाचा ठराव करताना आमचे प्रत्येक सभेत एक विचारणे असते : आपल्या शेजारी उभा राहून काम करणारा, पण आपल्या वहीत नाव नसलेला माणूस कोण? आधी त्याच्याकडे जा. त्याचा पगार विचारा, त्याचा करार वाचा, आणि मगच तारीख ठरवा.