विचारणाऱ्याचे ऋण



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते पाळी संपल्यावर, शेजारच्या यंत्रावरील माणसाला विचारून. म्हणून सातारा-सांगलीची मुले आज एकमेकांना विचारून संकेतस्थळे बांधायला शिकतात, याचे आम्हांला नवल वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, कष्ट करून शिकली. एकट्याला न पेलणारी विद्या मिळून पेलावी, ही रीत या मातीला जुनीच आहे.

ही विद्या मुळातच मोकळी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने ती मोबदल्यावाचून जगाला खुली केली. कोणत्याही पानाची मांडणी ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते. कारागिराने आपला साचा दुकानाबाहेर टांगावा, तसेच हे.

परंतु साचा दिसला म्हणजे हात बसला, असे नव्हे. सांगलीच्या एखाद्या हळदीच्या पेढीचे पान मराठीत करायचे आहे, असे धरा. इंग्रजी अक्षरे थोडी दूर ठेवली की मथळा खुलतो. मुलगा मराठीतही तसेच करतो, आणि शिरोरेषा तुटून ‘हळद’चे तीन तुकडे होतात. ओळी जवळ आणाव्या, तर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. इंग्रजीसाठी लिहिलेल्या धड्यात हे कोठून असणार? आधी ज्याला ठेच लागली, त्यानेच मागच्याला सांगायचे.

आमच्यातले काही जुने कारागीर शेवटची खूण हातची राखीत. माणूस गेला की खूणही जाई. ती चूक तुम्ही करू नका. उत्तर सापडले की मराठीत लिहून ठेवा. विचारणाऱ्याचे ऋण असेच फिटते.

आणखी एक. अक्षरांतले अंतर विचारायला लाज वाटत नाही, मग मजुरीचा दर विचारायला का वाटावी? गुपचूप कमी पैशांत काम उचलणारा आज सोबत्याचा दर पाडतो, उद्या स्वतःचा. जी विद्या दहाजणांनी दिली, तिचे मोल एकट्याने ठरवू नये. शिकताना एकत्र बसलात, तसे दर ठरवतानाही बसा.